तिच्या पोटाबद्दल माझी उत्तरं

डहाणूहून तलासरीला जाताना लोक रस्त्यात काय बघतात मला माहीत नाही. मी संडास बघतो. बारा वर्षं रोज स्कूटरवरून हाच रस्ता कापतोय आणि बारा वर्षं हेच बघतोय. डहाणू सोडलं की थोड्या अंतरावर एक पेट्रोल पंप लागतो, तिथला बरा आहे, पण आतली कडी तुटलेली, त्यामुळे बसल्या बसल्या एका हाताने दार धरून ठेवावं लागतं. चारोटीला माझ्या माहितीचं एक हॉटेल आहे. त्याचा मालक संडासाची किल्ली गल्ल्यात ठेवतो आणि चहा घेतल्याशिवाय देत नाही. आता माझ्यासारख्याने सकाळी साडेआठला तो उकळलेला चहा प्यायचा म्हणजे पुढच्या अर्ध्या तासाची तजवीज झालीच! पण किल्ली हवी तर चहा हवा. विवळवेढ्याला देवळाजवळची सोय जत्रेचे दिवस सोडले तर उत्तम. त्यानंतर थेट तलासरी, आमची कचेरी. तिथे मी अव्वल कारकून आहे. बढती मिळाली तेव्हा सगळ्यांनी माझ्या नव्या खुर्चीचं कौतुक केलं. मला आनंद झाला तो स्टाफच्या संडासाची एक किल्ली कायमची माझ्या खिशात आली याचा.

माझ्या दुखण्याचं नाव आयबीएस. पोटात कळ येते, धावावं लागतं, जाऊन आलं की बरं वाटतं, आणि स्कूटर सुरू केली की परत तेच. साहेबांची मीटिंग असली की हमखास. वरून तपासणी येणार असली की आदल्या दिवसापासून. रविवारी मात्र पोट इतकं शहाण्यासारखं वागतं की आपणच आजारपणाचं सोंग करतो की काय, अशी शंका मला यायची. डहाणूतल्या आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, संडास, सोनोग्राफी, एकदा मुंबईला पाठवून दुर्बीणसुद्धा. सगळं नॉर्मल. लोक अशा वेळी देवाला नारळ वाढवतात. मी चिडलो. इतकी वर्षं धावतोय आणि नॉर्मल?

"आतडं तुमचं शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "बघायला गेलं तर आत काही नाही. सूज नाही, जखम नाही. पण ते हळवं आहे. जरा काही झालं की गडबडतं. त्रास खरा आहे, पण याने आतड्याचं नुकसान होत नाही."

हळवं! पन्नाशीच्या सरकारी माणसाच्या आतड्याला हळवं म्हणायचं. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. "अहो, मग लग्नाआधी सांगायचं ना, हळवे आहात म्हणून," म्हणाली.

ती वेवजीची. गुजरातच्या अगदी कडेचं गाव, तिच्या माहेरी भात आणि भाजीची शेती, आणि भाजी विकायला सगळा कारभार पलीकडे. त्यामुळे गुजराती तिला आईच्या दुधासारखी येते. मी देशावरून बदलीवर इकडे आलो, वीसेक वर्षांपूर्वी लग्न करून इथलाच झालो, पण माझी गुजराती अजून भाजी घेण्यापुरतीच आहे. म्हणजे भाव कळतो, पुढचं काही कळत नाही.

तर या दुखण्याने मला एक गोष्ट दिली, ती म्हणजे अधिकार. बारा वर्षांत मी पोटाबद्दल इतकं वाचलं, ऐकलं आणि सोसलं होतं की कचेरीत कुणाचंही पोट बिघडलं की तो आधी माझ्या टेबलाशी यायचा. मी चष्मा वर करून विचारायचो, "कळ आधी येते की नंतर? दूध घेता का? ताण आहे का घरी?" आणि प्रत्येकाला तेच सांगायचो: आयबीएस आहे, घाबरू नका. ड्रॉवरमध्ये गोळ्या असायच्या. मुरड्यावरची पांढरी, आणि जुलाब थांबवणारी छोटी पिवळी. मी वाटायचो. लोक बरेही व्हायचे. आपोआप झाले असते, पण तेव्हा ते मला कोण सांगणार?

गेल्या वर्षी थंडी संपता संपता बायकोचं पोट बिघडलं. खरं सांगतो, मला आधी बरंच वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. बारा वर्षं या घरात एकटा मी धावत होतो आणि ती हसत होती. आता कळेल, म्हटलं. शिवाय तिला शिकवायला मी होतोच.

"ताण घेऊ नकोस," मी म्हणालो. "दूध बंद कर. ही पांढरी सकाळी आणि संध्याकाळी, आणि बाहेर जायचं असलं तर ही पिवळी."

तिने गोळ्या घेतल्या. पेला ओट्यावर ठेवून ती कामाला लागली. मी मात्र बोलत होतो. माझं कसं सुरू झालं, कचेरीत पहिल्यांदा काय फजिती झाली, चारोटीच्या हॉटेलवाल्याने कसा चहा पाजला, सगळं परत. तिला ते पाठ होतं. तरी मी सांगितलं.

मग महिन्याभरात ती बारीक व्हायला लागली. मी म्हणालो, "छान दिसतेस गं. आधी किती वर्षं म्हणत होतीस, वजन कमी करायचंय." ती म्हणाली, "हो." ब्लाउज शिंप्याकडे आत घ्यायला दिले, दोनदा. गुडघे दुखायला लागले. मी म्हटलं, नवीन लादीचा गारवा बाधतो, चप्पल घालून वावर. तोंड आलं. मी म्हटलं, उष्णता. दुपारी अंगात कसकस. मी म्हटलं, आंब्याचे दिवस आहेत, उन्हाळा आहे, सगळ्यांनाच होतं. एकेका गोष्टीला माझ्याकडे एकेक कारण तयार होतं. ती सगळी एकत्र मांडून बघावीत, हे या पोटाच्या पंडिताला सुचलं नाही.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो. दरवर्षी ती पुढे आणि मी संडास शोधत मागे. या वर्षी ती पहिल्या दुकानापाशीच एका खाटेवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी बसते." तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. मी दर्शन घेऊन आलो, प्रसाद आणला. तिने कपाळाला लावला आणि पिशवीत ठेवला. तेव्हा कुठे मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू.

आता खरं सांगायचं ते इथे. आमच्याकडे बायकोला डॉक्टरकडे नेलं की नवरा बोलतो. असा काही नियम नाही, पण तसंच असतं. दवाखान्यात बघा, बाई खुर्चीत बसलेली असते, नवरा शेजारी उभा असतो, डॉक्टर बाईकडे बघून विचारतात आणि उत्तर उभ्या माणसाकडून येतं. बाई मान हलवते. पोटाचं असलं तर विचारायलाच नको. बाई संडासाबद्दल परक्या पुरुषाशी काय बोलणार? आणि मी तर नुसता नवरा नव्हतो, या विषयातला अनुभवी माणूस होतो.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "किती वेळा जावं लागतं?"

"चार-पाचदा," मी म्हणालो. माझं तेवढं असतं.

"रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?"

"छे छे," मी म्हणालो. माझं पोट रात्री कधीच उठवत नाही, आणि मी झोपलो की घरात चोर आला तरी मला कळणार नाही. शेजारची बाई उठते की नाही हे मला कुठून कळणार? पण मी छे छे म्हणालो. तेही दोनदा.

"रक्त वगैरे?"

"नाही, नाही. आमचं आयबीएसच आहे, डॉक्टर."

आमचं! डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग खाली. डॉक्टरांच्या दाराबाहेर त्या दिवशी पन्नास माणसं होती, तापाची साथ चालू होती. त्यांनी माझीच औषधं तिला लिहून दिली, रक्त तपासून घ्या म्हणाले, आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. रक्ताची तपासणी मी पुढच्या आठवड्यावर ढकलली, कारण कचेरीत मार्चअखेरीचं उरलंसुरलं काम होतं. तो पुढचा आठवडा आलाच नाही. पंधरा दिवसांनी जायला हवं होतं, तेही गेलो नाही. गोळ्या होत्याच की घरात.

मे महिन्यात माहेरी एक लग्न होतं म्हणून ती चार दिवस आधी वेवजीला गेली. मी कचेरी करून मागाहून जाणार होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणीचा फोन. तिची थोरली बहीण. या बाईचा आवाज फोन न लावताही डहाणूपर्यंत ऐकू येईल, असा आहे.

"भाऊजी, काय चाललंय तुमच्या घरात? पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतायत. रात्रीतून चार वेळा उठली ही. मी बाजूला झोपले होते. तुम्ही झोपता कुठे, गच्चीवर?"

"आयबीएस आहे तिला," मी म्हणालो. "घाबरू नका."

"तुमचं आयबीएस घाला चुलीत!" ती म्हणाली. "उद्या सकाळी वापीला नेतेय तिला. यायचं तर या."

मी गेलो. मेहुणीने ओळखी काढून एका पोटाच्या डॉक्टरणीची वेळ घेतली होती. आत दोघांनाच सोडत होते, मेहुणी बाहेर बसली, मी आत गेलो, हातात माझी फाईल. हो, माझी! तिचे कागद म्हणजे एक चिठ्ठी, आणि माझी फाईल प्लास्टिकच्या कव्हरात बारा वर्षांची. म्हटलं, डॉक्टरांना पार्श्वभूमी कळायला बरी.

डॉक्टरीण चाळिशीची, शांत. तिने नमस्कार केला, आणि मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझी बायको गुजरातीत बोलायला लागली.

सरळ, न थांबता. माझ्याकडे न बघता. मी फाईल छातीशी धरून उभा. थोडे शब्द कळत होते, बरेचसे नाही. मध्ये शिरायला जागाच नव्हती. काय बोलून शिरणार? मला येणारी गुजराती वांग्यांच्या भावापुरती. डॉक्टरणीने विचारलं, "केटला वखतथी?" तिने बोटांवर महिने मोजून सांगितले. आणि मग एक शब्द आला तो मला लख्ख कळला. लोही. रक्त. तिने तो तीनदा म्हटला.

मी म्हणालो, "अगं, काय?"

डॉक्टरणीने माझ्याकडे हात करून मला थांबायची खूण केली आणि तिला म्हणाली, बोला. ती बोलत राहिली. बोलता बोलता तिने पर्समधून माझ्या पिवळ्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरणीने पट्टी उचलली, उलटी करून वाचली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग हिंदीत म्हणाली, "ये किसने दी?"

मी म्हणालो, "मैंने."

पुढचं तिने मला समजेल अशा हिंदीत समजावलं. तुमच्या आजारात आतडं दिसायला चांगलं असतं, फक्त बिथरतं. माणूस हैराण होतो, पण झोपेतून सहसा उठत नाही, रक्त पडत नाही, वजन उतरत नाही. हिला रक्त पडतंय, ताप येतोय, सांधे दुखतायत, वजन नऊ किलो गेलंय. हे बिथरणं नाही, ही सूज वाटते. अशा सुजलेल्या आतड्याला या पिवळ्या गोळ्यांनी दाबून धरलं तर ते फुगून जिवावर बेतू शकतं. "नसीब अच्छा है," ती म्हणाली. कुणाचं ते तिने सांगितलं नाही.

रक्त घेतलं. हिमोग्लोबिन सात. संडासाची एक तपासणी असते, आत सूज आहे की नाही ते सांगणारी, ती कितीतरी पटींनी वर. तीन दिवसांनी दुर्बीण घातली. मोठ्या आतड्याचा खालचा भाग लालभडक, जखमा, बोट लावलं तर रक्त येईल असा. डॉक्टरणीने पडद्यावर दाखवलं. माझ्याही फाईलमध्ये माझ्या आतड्याचे फोटो आहेत, गुलाबी, गुळगुळीत. मी त्यांच्यावर किती वर्षं रागावलो होतो. आता इथे बघवेना. अल्सरेटिव्ह कोलायटिस, ती म्हणाली. आयबीडी म्हणजे आतड्याला सूज येण्याचे आजार, त्यातला एक प्रकार. औषधाने आटोक्यात राहतो, पण औषध सोडायचं नाही, आणि मधूनमधून तपासत राहायचं.

चार दिवस तिथेच ठेवून घेतलं. रक्त चढवलं. मी खुर्चीवर बसून तिच्या हाताकडे बघत होतो. मी भयंकर घाबरलो होतो. तिला काही झालं असतं तर मीच केलं असतं, माझ्या हाताने, पट्टीतून गोळी काढून, पाण्याचा पेला देऊन. आणि नवल म्हणजे त्या चार दिवसांत माझं स्वतःचं पोट एकदाही दुखलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "इतकं रक्त जात होतं, मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी सांगायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही आत होतात."

"कुठे आत?"

"बाथरूममध्ये. मी बाहेर उभी होते पंधरा मिनिटं. तुम्ही बाहेर आलात आणि तुमचंच सुरू झालं." तिने सलाईनची नळी सरळ केली. "मग म्हटलं, मूळव्याध असेल. एका घरात पोटाचे किती पेशंट असणार?"

ती चिडली नव्हती. सकाळी दूध आलं नाही हे सांगावं तशी सांगत होती. मी उगाच तिच्या पायावरची चादर सारखी केली. दुसरं काय करणार, कप्पाळ!

औषधं सुरू झाली. सकाळी चार मोठ्या गोळ्या, सुरुवातीला स्टेरॉइड, लोहाचं वेगळं. पहिले काही आठवडे वरखाली झालं, मग एक दिवस ती म्हणाली, आज रक्त नाही. परत दुसऱ्या दिवशी, आजही नाही. आम्ही रोज सकाळी एवढंच बोलायचो. ब्लाउज सैल केले. कचेरीत मी ड्रॉवरमधल्या सगळ्या गोळ्या टाकून दिल्या. एक शिपाई पोट धरून आला तर मी त्याला म्हटलं, "रक्त पडतं का? वजन उतरलं का? मग डॉक्टरकडे जा आणि तुझं तू सांग." तो घाबरून निघून गेला. त्याला अपचन झालं होतं बहुतेक.

तीन महिन्यांनी दाखवायला जायचं होतं. आदल्या दिवशी वेवजीला मेहुणीकडे राहिलो आणि सकाळी स्कूटरवरून वापीला निघालो. ती मागे बसली होती, तिचा हात माझ्या खांद्यावर, हाताला परत वजन आलं होतं. डॉक्टरणीने तपासलं, रिपोर्ट बघितले आणि खुश झाली. मी या वेळी तोंड शिवून घेतल्यासारखा बसलो होतो. सगळं झाल्यावर डॉक्टरणीने चिठ्ठी लिहिता लिहिता मान वर केली आणि म्हणाली, "काका, आणि तुमचं पोट कसं आहे? तुम्ही पण थोडी काळजी घ्या."

मराठीत. शुद्ध, आमच्या पुण्याच्या मावशीला शोभेल अशा मराठीत.

मी बघतच राहिलो. "तुम्हाला मराठी येते?"

"येते की. पुण्यातच शिकले मी, सहा वर्षं," ती म्हणाली. "मी पेशंटशी पेशंटच्या भाषेत बोलते. तुमच्या मिसेसनी पहिल्या दिवशी गुजरातीत सुरुवात केली, म्हणून मग तुमच्यासमोरही मी मराठी काढली नाही."

मी बायकोकडे पाहिलं. ती पर्समध्ये चिठ्ठी ठेवत होती. बाहेर आलो, औषधं घेतली, स्कूटर काढली. भिलाडपर्यंत मी रस्त्यातले खड्डे मोजले. मग राहवेना.

"तुला माहीत होतं? तिला मराठी येते म्हणून?"

"ताईने सांगितलं होतं," ती मागून म्हणाली. वाऱ्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. "मराठीत बोलले असते तर तुम्ही मध्ये बोलला असतात. मला एकदा सगळं सांगायचं होतं."

मी आरसा बघितला. तिचा चेहरा त्यात दिसत नव्हता, फक्त पदर उडताना दिसत होता. पुढचा रस्ता दिसेना म्हणून मी स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि चष्मा काढला. मला रडू येत होतं. वीस वर्षांत मी तिच्यासमोर कधी रडलो नव्हतो, त्यामुळे ते कसं करतात हेही मला धड माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाठ करून, पोटावर हात घेऊन, वाकून उभा राहिलो.

ती घाईघाईने उतरली. "काय हो, लागली का?" ती म्हणाली. "जोराची आहे का? थांबा, थांबा, घाबरू नका." आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिने माझ्या हातात दिली, पदर आडवा धरला आणि रस्त्यावरून कुणी येतंय का ते बघत माझ्यापुढे उभी राहिली.